काढून टाकलं तरी परत येणारं कीबोर्डचं सॉफ्टवेअर

आठ महिने मी रोग म्हशीला आणि औषध पखालीला देत होतो. त्रास असा की मशीन रीस्टार्ट केलं की गेमिंग कीबोर्डचे दिवे पुन्हा इंद्रधनुष्यासारखे फिरायला लागायचे. कॅप्स लॉकच्या जागी बसवलेलं कंट्रोल पुन्हा कॅप्स लॉक व्हायचं. आणि उजव्या कोपऱ्यात कंपनीच्या सॉफ्टवेअरची खिडकी डोकं वर काढायची, ‘अपडेट उपलब्ध आहे’. वैतागून ते सॉफ्टवेअर काढून टाकलं की दोन-चार दिवस शांतता. मग कधीतरी केबल पुढच्या पोर्टातून काढून मागच्या पोर्टात लावली की पाहुणे परत दारात उभे.

कंपनीचं नाव देत नाही. यातली बरीचशी लक्षणं दुसऱ्या कुठल्याही कीबोर्डावर दिसतात, आणि मी इतके दिवस चुकीच्या जागी खाजवत होतो त्यात कंपनीपेक्षा माझा वाटा मोठा.

आधी एक गोष्ट ठरवून घ्या: सेटिंग्ज नक्की कोणाच्या डोक्यात आहेत, कीबोर्डाच्या की कॉम्प्युटरच्या? हे न बघता केलेला प्रत्येक उपाय अंदाजपंचे असतो. चाचणी पाच मिनिटांची आहे. सॉफ्टवेअर उघडा, कॅप्स लॉकचं कंट्रोल करा, आणि एकाच बटणाला विचित्र रंग द्या. मी एफ ९ ला गुलाबी दिला होता, बाकी सगळे दिवे बंद. सेव्ह करा. मग सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. खिडकी मिटवली म्हणजे ते बंद झालं असं नाही, घड्याळाजवळच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘एक्झिट’ म्हणावं लागतं. केबल काढा, दहा सेकंद थांबा, आणि तो कीबोर्ड अशा कॉम्प्युटरला लावा ज्यात हे सॉफ्टवेअर कधीच घातलेलं नाही. दुसरं मशीन नसेल तर आपल्याच मशीनच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा. तिथे विंडोज नाही, सॉफ्टवेअर नाही, त्यामुळे जे चालतंय ते कीबोर्ड स्वतःच्या बळावर करतोय.

माझ्याकडे निकाल गमतीचा लागला. एफ ९ गुलाबीच राहिलं, कॅप्स लॉक मात्र पुन्हा कॅप्स लॉक. म्हणजे दिव्यांची सेटिंग कीबोर्डाच्या मेमरीत जात होती, पण बटणांची अदलाबदल कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम जाग्यावर करत होता. तो प्रोग्राम सुरू नसला, किंवा लॉगिन झाल्यावर उशिरा सुरू झाला, की सगळं मूळपदावर. खोक्यावर तर ठसठशीत लिहिलं होतं, ‘ऑनबोर्ड मेमरी’. खोटं नव्हतं ते, पण मेमरीत काय मावतं आणि काय नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

काही गोष्टी मात्र कीबोर्डाच्या मेमरीत जाऊच शकत नाहीत, आणि त्याबद्दल कंपनीला बोल लावून उपयोग नाही. कीबोर्ड शेवटी फक्त ‘हे बटण दाबलं, हे सोडलं’ एवढंच सांगू शकतो. ‘हे बटण दाबलं की अमुक प्रोग्राम उघड’ किंवा ‘हा गेम समोर आला की दुसरं प्रोफाइल लाव’ यासाठी कॉम्प्युटरवर कोणीतरी लक्ष ठेवून बसावंच लागतं. तुम्हाला असली कामं हवी असतील तर सॉफ्टवेअर कायम चालू राहणार हे गृहीत धरा. नको असतील तर पुढचं वाचा.

एक आडवळण: सेटिंग्ज मेमरीत जाण्यासाठी वेगळं बटण किंवा वेगळं प्रोफाइल असतं आणि आपण सॉफ्टवेअरच्याच प्रोफाइलवर काम करत राहतो, असंही पुष्कळदा होतं. तेव्हा मेमरीच्या छोट्या चिपचं चित्र असलेलं काही दिसतंय का ते आधी बघा. काखेत कळसा असायचा.

आता ते परत का येतं याकडे वळू. प्रत्येक यूएसबी उपकरण जोडताक्षणी दोन क्रमांक सांगतं, एक उत्पादकाचा आणि एक वस्तूचा. विंडोज अपडेट त्या क्रमांकांवरून ड्रायव्हरचं, म्हणजे उपकरण विंडोजशी जोडून देणाऱ्या प्रोग्रामचं, पॅकेज शोधून आणतं, आणि काही पॅकेजांच्या पोटात उत्पादकाच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर असतो. शिवाय बहुतेक कीबोर्डांना स्वतःचा वेगळा सिरियल क्रमांक नसतो, म्हणून पोर्ट बदललं की विंडोजच्या लेखी तो नवाच कीबोर्ड. माझ्या ‘मागच्या पोर्टा’चं कोडं एवढंच होतं.

ही नुसती कटकट नाही, याला सुरक्षेची बाजू आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये रेझर या गेमिंग उपकरणांच्या कंपनीच्या बाबतीत ती उघड झाली. रेझरचा माउस किंवा त्याचा डोंगल जोडला की विंडोज आपणहून सिनॅप्स या रेझरच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर आणायचं, आणि तो ‘सिस्टम’ या सर्वोच्च अधिकाराने चालायचा. इन्स्टॉलर विचारायचा, कुठल्या फोल्डरमध्ये टाकू? त्या फोल्डर निवडायच्या खिडकीत शिफ्ट दाबून उजवी क्लिक केली की पॉवरशेल, म्हणजे मशीनला थेट हुकूम द्यायची खिडकी, उघडायचा पर्याय मिळायचा, आणि उघडलेला पॉवरशेल त्याच सर्वोच्च अधिकाराने. ज्याला त्या मशीनवर साधं गेस्टासारखं खातं आहे तोही एक माउस जोडून मालक होऊ शकत होता. काही दिवसांतच स्टीलसीरीज या दुसऱ्या कंपनीच्या इन्स्टॉलरमध्येही तसलीच वाट सापडली, तिथे परवाना-कराराच्या लिंकमधून. दोन्ही कंपन्यांनी नंतर दुरुस्ती केली. हल्लेखोर प्रत्यक्ष मशीनपाशी असावा लागतो हे खरं, पण वसतिगृहात, ऑफिसात, गेमिंग कॅफेत मशीनपाशी कोण नसतं?

ही आवक थांबवायची तर स्टार्टमध्ये ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ शोधा. उत्पादकांची अ‍ॅप्स आणि चिन्हं आपोआप उतरवू का, असा प्रश्न असलेली छोटी खिडकी उघडते. तिथे ‘नो’. घरच्या मशीनला बहुधा एवढ्याने भागतं. जे चार जणांचं मशीन सांभाळतात त्यांच्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, आणखी कडक कुलूप आहे: लोकल मशीनच्या सॉफ्टवेअर विभागात, विंडोजच्या ‘डिव्हाइस इन्स्टॉलर’ या नोंदीखाली ‘डिसेबलकोइन्स्टॉलर्स’ नावाची, सगळी अक्षरं जोडून, डीवर्ड (आकडा ठेवणाऱ्या) प्रकारची किंमत १ करायची. मात्र एखाद्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्यामुळे अर्धवट बसू शकतो, तेव्हा काय केलंय ते कुठेतरी लिहून ठेवा.

‘नो’ म्हटल्यावरही काहीतरी परत येत असेल तर कीबोर्डाला दोष देण्याआधी मदरबोर्ड बघा. अ‍ॅसुसच्या बोर्डांच्या बायॉसमध्ये आर्मरी क्रेट हे त्यांचं सॉफ्टवेअर उतरवण्याचा पर्याय असतो, गिगाबाइटमध्ये अ‍ॅप सेंटरचा. तो चालू असेल तर विंडोज नव्याने घातलं तरी ते हजर होतं. गिगाबाइटच्या या पद्धतीवर २०२३ मध्ये एक्लिप्सियम या फर्मवेअरची (हार्डवेअरमध्येच भरलेल्या प्रोग्रामची) सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीने बोट ठेवलं होतं: फर्मवेअरमधून विंडोजमध्ये टाकला जाणारा अपडेटर पुरेशी तपासणी न करता फाइली उतरवत होता. माझ्या बोर्डात असला पर्याय चालूच होता. मी तीन वर्षं त्या पडद्यावर जाऊन येत होतो आणि मला तो दिसला नव्हता.

आता सफाई. ‘अ‍ॅप्स’मधून अनइन्स्टॉल केलं की काम झालं असं वाटतं, होत नाही. टास्क मॅनेजरचा स्टार्टअप भाग, सर्व्हिसेसची यादी आणि टास्क शेड्युलर या तीन ठिकाणी कंपनीचं नाव शोधा. माझ्याकडे अनइन्स्टॉलनंतरही टास्क शेड्युलरमध्ये दर लॉगिनला चालणारी एक अपडेटची नोंद जिवंत होती. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’खाली लपलेली उपकरणं दाखवा, जुन्या पोर्टांवरच्या फिकट दिसणाऱ्या नोंदी काढा, आणि काढताना ड्रायव्हरही काढण्याची चौकट दिसली तर तिच्यावर खूण करा. कीबोर्ड बंद पडेल अशी भीती नको. विंडोजचा स्वतःचा साधा कीबोर्ड ड्रायव्हर असतोच, टायपिंग त्याच्यावर बिनबोभाट चालतं.

शेवटी विंडोज सिक्युरिटी उघडून ‘डिव्हाइस सिक्युरिटी’मधल्या ‘कोअर आयसोलेशन’वर जा. ‘मेमरी इंटिग्रिटी’ (विंडोजच्या गाभ्यातली घुसखोरी रोखणारं संरक्षण) बंद आहे आणि चालू होत नाही असं दिसलं तर तिथेच विसंगत ड्रायव्हरांची यादी बघायला मिळते. माझ्या यादीत एकच नाव होतं, आणि ते त्याच कीबोर्डाच्या सॉफ्टवेअरचं. म्हणजे दिवे नाचावेत म्हणून माझ्या मशीनचं एक महत्त्वाचं संरक्षण महिनोन्‌महिने बंद होतं. नाकापेक्षा मोती जड!

इथे जरा थांबतो, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे. कीबोर्डाचा रंग बदलायला कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणारा ड्रायव्हर लागत नाही. यूएसबी कीबोर्ड ज्या एचआयडी पद्धतीने बोलतो तिच्यातच छोटे संदेश पाठवायची सोय आहे, आणि साधा प्रोग्राम ते पाठवू शकतो. मग ड्रायव्हर कशाला येतो? एक, बटणांचे संदेश विंडोजपर्यंत पोचण्याआधी मध्येच पकडून बदलायला. दोन, त्याच सॉफ्टवेअरला रॅमचे दिवे, पंख्यांचा वेग, तापमान हेही सांभाळायचं असतं, आणि त्यासाठी थेट हार्डवेअरला हात घालावा लागतो. विनरिंग० नावाचा जुना ड्रायव्हर असल्या कितीतरी प्रोग्रामांच्या पोटात होता. त्याची कमजोरी २०२० पासून नोंदलेली आहे: मशीनवरचा कुठलाही किरकोळ प्रोग्राम त्याच्या खांद्यावरून कर्नलपर्यंत पोचू शकतो. मार्च २०२५ मध्ये विंडोज डिफेंडरने त्याला धोकादायक ठरवून अडवायला सुरुवात केली, आणि ‘माझे पंखे अचानक का बंद पडले’ अशा तक्रारींचा पाऊस पडला. डिफेंडरने असं काही पकडलं तर ‘अलाऊ’ दाबून मोकळे होऊ नका, त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बघा. विंडोज ११ मध्ये २०२२ च्या मोठ्या अपडेटपासून कमजोर ड्रायव्हरांची बंदी-यादी मुळातच चालू असते. ती बंद करायला सांगणारा कुठलाही ‘उपाय’ करू नका. काही गेमांची लबाडी पकडणारी अँटी-चीट यंत्रणासुद्धा असले ड्रायव्हर अडवते, आणि मग गेम उघडत नाही म्हणून आपण भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

ड्रायव्हर नसला म्हणजे सॉफ्टवेअर निर्धोक झालं असंही नाही. २०१८ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटाच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी लॉजिटेक ऑप्शन्स या माउस-कीबोर्डांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक दाखवलं. तो प्रोग्राम मशीनवर एक स्थानिक वेबसॉकेट सर्व्हर, म्हणजे वेबपानांशी बोलायचं एक दार, चालवत होता, आणि बोलणारी वेबसाइट कुठली हे तपासतच नव्हता. ओळख म्हणून फक्त चालू असलेल्या एखाद्या प्रोसेसचा क्रमांक द्यायचा, तोही कितीही वेळा चुकला तरी चालेल! म्हणजे तुम्ही उघडलेलं कुठलंही वेबपान क्रमांक चाचपडत आत शिरून तुमच्या मशीनवर बटणं दाबल्यासारखे संदेश पाठवू शकत होतं. सप्टेंबरात कळवलं, दुरुस्ती डिसेंबरात आली.

तुमचं सॉफ्टवेअर असं काही उघडून बसलंय का हे बघायला रिसोर्स मॉनिटर पुरतो. नेटवर्कच्या भागात ‘लिसनिंग पोर्ट्स’ ही यादी असते. त्यात कीबोर्डाच्या प्रोग्रामचं नाव दिसलं आणि पत्त्याच्या रकान्यात ‘लूपबॅक’ असलं तर तो फक्त याच मशीनवरच्यांशी बोलतोय. घाबरू नका, पण सॉफ्टवेअर ताजं ठेवा. ‘अनस्पेसिफाइड’ असलं तर तो नेटवर्कवरूनही ऐकायला तयार आहे. शेजारचा फायरवॉलचा रकाना वाचा, आणि परवानगी दिलेली असेल तर काढून घ्या. कीबोर्डाला बाहेरच्यांशी बोलायचं काय कारण?

‘माझं टायपिंग चोरलं जातंय का’ हा प्रश्न नेहमीचा, आणि त्याचं उत्तर शांतपणे द्यायला हवं. २०१७ मध्ये मँटिसटेक जीके २ या स्वस्त कीबोर्डाचं सॉफ्टवेअर अलिबाबाच्या क्लाउड सर्व्हरकडे माहिती पाठवतंय असं आढळलं आणि ‘कीलॉगर’ अशी बोंब उठली. नीट पाहिल्यावर कळलं की कुठलं बटण किती वेळा दाबलं याचे आकडे जात होते, मजकूर नव्हे. तरी न विचारता पाठवायचं काही कारण नव्हतंच. उलट बाजू २०२२ ची: कॉर्सेअरच्या के १०० वर काहींनी पूर्वी कधीतरी टाइप केलेला मजकूर कीबोर्डाने आपणहून पुन्हा टाइप करायला सुरुवात केली. कंपनीचं म्हणणं, हेरगिरी नाही, कीबोर्डातल्या मॅक्रो (एका बटणावर बांधलेली बटणांची मालिका) रेकॉर्डिंगची चूक. मी ते मान्य करतो, पण त्यातून निघणारी गोष्ट गंमतशीर आहे. सेटिंग्ज कीबोर्डात राहाव्यात असं मला वाटतं खरं, पण कीबोर्डात राहिलेली गोष्ट कीबोर्डासोबत जाते. मॅक्रोत पासवर्ड ठेवलात तर ज्याचं बोट त्या बटणावर पडेल त्याच्यासमोर तो उमटतो. जुना कीबोर्ड विकताना किंवा विकत घेताना आधी फॅक्टरी रीसेट करा.

सॉफ्टवेअर उतरवताना ‘अधिकृत साइटवरूनच घ्या’ हा सल्ला बरोबर आहे, पण पुरेसा नाही. एंडगेम गिअर या कंपनीच्या एका माउसचं कॉन्फिगरेशन टूल २०२५ च्या जून-अखेरीपासून ९ जुलैपर्यंत कंपनीच्या स्वतःच्या साइटवर मालवेअरसकट पडून होतं. लोकांच्या लक्षात आलं ते फाइलच्या बारीकसारीक विसंगतींवरून, उदाहरणार्थ प्रॉपर्टीजमध्ये उत्पादनाच्या नावाच्या जागी भलत्याच टचपॅड ड्रायव्हरचं नाव. म्हणून फाइल चालवण्याआधी तिच्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग आहे का आणि त्यात कंपनीचंच नाव आहे का ते वाचा. सहीच नसली तर मी फाइल चालवत नाही. छोट्या कंपन्यांचं सही न केलेलं टूल गूगल ड्राइव्हच्या लिंकवर असतं, तिथे तर लांबूनच नमस्कार.

आता नवा कीबोर्ड घ्यायचा असेल तर. ८००० हर्ट्‌झ पोलिंग वगैरेमध्ये फार अडकू नका. १००० हर्ट्‌झला दर मिलिसेकंदाला एकदा निरोप जातो, ८००० ला सव्वाशे मायक्रोसेकंदांना. हा फरक बोटांना कळणारे विरळा, आणि त्यासाठी प्रोसेसरला जास्त राबावं लागतं ते वेगळंच. मॅग्नेटिक म्हणजे हॉल इफेक्ट स्विचचा फायदा खरा आहे, बटण किती खोलीवर लागू व्हावं हे ठरवता येतं. पण त्याच कीबोर्डांवरच्या स्नॅप टॅपसारख्या (दोन उलट दिशांची बटणं एकदम दाबली तर शेवटचंच धरणाऱ्या) सोयींना व्हॉल्व्ह या गेम कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरांवर मज्जाव केला, तेव्हा ती सोय चालू ठेवून खेळायला बसू नका.

मी बघतो ते वेगळंच: हा कीबोर्ड क्यूएमके फर्मवेअरवर चालतो का आणि व्हाया किंवा व्हायल या टूलने सेट करता येतो का. क्यूएमके मुक्तस्रोत आहे, बटणांचा नकाशा कीबोर्डातच राहतो, आणि कॉम्प्युटरवर कायमचं काही बसवावं लागत नाही. खोक्यावरच्या नावावर मात्र जाऊ नका, नेमकं मॉडेल आणि नेमका लेआउट व्हायाच्या यादीत आहे का ते बघा. तेच मॉडेल वायरलेस आवृत्तीत वेगळ्या फर्मवेअरवर असू शकतं.

दुसरा पर्याय ब्राउझरमधून सेट होणाऱ्या कीबोर्डांचा. वूटिंगसारख्या कंपन्या हे देतात आणि व्हायाचंही वेबपान आहे. हे वेबएचआयडीवर, म्हणजे वेबपानाला उपकरणाशी बोलू देणाऱ्या ब्राउझरच्या सोयीवर, चालतं, जे क्रोममध्ये २०२१ पासून आहे आणि एजमध्येही चालतं. फायरफॉक्स आणि सफारीत नाही, त्यामुळे ‘पान कीबोर्ड ओळखत नाही’ या तक्रारीचं पहिलं उत्तर ब्राउझर बदला. वेबपानाला कीबोर्डाची परवानगी द्यायची म्हणजे भीती वाटते, पण दाबलेल्या बटणांचे संदेश क्रोम वेबएचआयडीतून पानाला देत नाही, सेटिंगचाच मार्ग उघडतो. तरी त्या मार्गाने कीबोर्डात काय लिहिलं जाईल हे पानाच्या हातात असतं, म्हणून काम झालं की पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर क्लिक करून परवानगी काढून घ्या.

फर्मवेअर अपडेटबद्दल थोडक्यात. हब नको, थेट पोर्टात लावा, मध्येच केबल हलवू नका, आणि फाइल कुठून आली याबद्दल दुप्पट काटेकोर राहा. यूएसबी उपकरणाचं फर्मवेअर बदलून त्यालाच शत्रू बनवता येतं हे २०१४ मध्येच बॅडयूएसबी या नावाने दाखवलं गेलं, आणि तसं बिघडलेलं फर्मवेअर अँटीव्हायरसला दिसत नाही.

माझ्या कीबोर्डाचं पुढे काय झालं? सफाईनंतर त्याला साध्या कीबोर्डासारखा वापरला, कॅप्स लॉकचं कंट्रोल मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या प्रोग्राममधून करून घेतलं. पण ते लॉगिननंतर जागं होतं, त्यामुळे पासवर्ड टाकायच्या पडद्यावर कॅप्स लॉक पुन्हा कॅप्स लॉकच. शेवटी क्यूएमकेवाला घेतला. त्यात प्रत्येक गेमचं प्रोफाइल आपोआप लागत नाही, एफएन धरून आकडा दाबावा लागतो, आणि मी ते अजून विसरतो. परवाच एका महत्त्वाच्या मेलच्या मध्ये गेमसाठी बांधलेली ग्रेनेड फेकायची बटणं उमटली, आणि ‘आपला नम्र’च्या वर ओळीत ‘जी’ हे अक्षर चारदा जाऊन बसलं.